भुंकल्यासारखा खोकला: रात्री मुलाचा श्वास कसा पाहावा

दिवसभर नाक वाहत असलेले दीड वर्षाचे मूल मध्यरात्री कुत्रे भुंकावे तसे खोकू लागले, त्याचा आवाज बसला आणि श्वास आत घेताना घशातून कर्कश सूर येऊ लागला, तर तो बहुधा क्रूप असतो. त्यामागे बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू असतो. त्याच्या चार प्रकारांपैकी पहिला क्रूपचे प्रमुख कारण आहे, तर तिसरा तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनलिका आणि फुफ्फुसे धरतो. क्रूपमध्ये सूज स्वरयंत्राच्या लगेच खाली येते. तिथली वाट मुळातच काही मिलिमीटरची असल्यामुळे एका मिलिमीटरच्या सुजेनेही मुलाची दमछाक होते.

आधी मुलाला मांडीवर उभे धरून शांत करावे, कारण रडण्याने वाट आणखी आवळते.

यानंतरची पायरी, म्हणजे श्वास पाहणे आणि मोजणे, सर्वांत जास्त चुकते, आणि ती मीही चुकलो आहे. निवासी डॉक्टर असताना मी पंधरा सेकंद श्वास मोजून चारने गुणत असे. एका थंडीच्या रात्री स्वेटर न काढताच कागदावर ‘ठीक’ असे लिहून मी पुढच्या खाटेकडे वळलो, तेव्हा पाळीवरच्या सिस्टरांनी मला मागे बोलावले, स्वेटर गळ्यापर्यंत वर केला आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली पडणारी खळी दाखवली. तेव्हापासून कपड्यांवरून पाहिलेली छाती मी पाहिलेली धरत नाही.

मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना अंग गळ्यापासून बेंबीपर्यंत उघडे करावे, बॅटरीचा उजेड बाजूने पाडावा आणि पोट किती वेळा वर येते ते पूर्ण साठ सेकंद मोजावे. लहान मुलांचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच भरभर चालतो. म्हणून गुणाकाराचा भरवसा नाही. रडताना मोजलेला आकडा टाकून द्यावा. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास आणि पाच वर्षांच्या आत चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. गडचिरोलीत बंग दांपत्याने याच मोजणीसाठी मणी आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ असलेला श्वासमापक तयार केला होता. घरी मोबाइलचे घड्याळ पुरते.

मात्र क्रूपमध्ये नुसता आकडा फसवतो. आकडा बेताचा असूनही बरगड्यांखाली किंवा गळ्याच्या खाचेत खळी पडत असेल, अथवा मूल शांत बसलेले असतानाही कर्कश सूर ऐकू येत असेल, तर रात्रीच दवाखाना गाठावा. सूर मंदावला आणि मूल मलूल झाले, तर त्याला उतार समजू नये. ते थकल्याचे लक्षण असते. ओठ निळसर पडले, लाळ गळू लागली किंवा पाणी गिळवेना, तर 108 ला फोन करावा. सर्दी नसताना खेळता खेळता एकदम आवाज सुरू झाला असेल, तर घशात शेंगदाणा अडकल्याची शंका घ्यावी.

वाफ देऊ नये, हे मी ठामपणे सांगतो: क्रूपवर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि उकळत्या पाण्याने भाजलेली मुले मात्र मी पाहिली आहेत. चमच्याने जीभ दाबून घसा पाहू नये. आजार विषाणूचा असल्याने प्रतिजैविक निरुपयोगी आहे, घरात दम्यासाठी ठेवलेल्या नेब्युलायझरच्या औषधाने स्वरयंत्राजवळची सूज उतरत नाही, आणि इतक्या लहान मुलाला खोकल्याचे सिरप देऊच नये. उपयोग होतो तो डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचा, बहुधा एकाच मात्रेत. पण ते डॉक्टरांनी वजनानुसार द्यायचे असते आणि त्याचा परिणाम दिसायला काही तास लागतात.

तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल आणि घोटघोट पाणी किंवा दूध, एवढे पुरे.

सकाळी मूल खेळू लागले, तरी क्रूप पुढच्या रात्री पुन्हा उठू शकतो. म्हणून मोजलेले आकडे वेळेसह लिहून ठेवावेत आणि रात्रीच्या गाडीची सोय दिवसाउजेडीच करावी.