टॉमकॅट बदलला आणि मेमरी पुरेना

अपग्रेडनंतर टॉमकॅट हा जावावर चालणारा वेब सर्व्हर दोन दिवस नीट चालतो आणि तिसऱ्या दिवशी मेमरी संपून बंद पडतो, तेव्हा बहुतेकांचा हात सर्वांत आधी ‘एक्सएमएक्स’ (जावाच्या हीपची, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवण्याच्या मेमरीची, कमाल मर्यादा) वाढवण्याकडे वळतो. ही घाई टाळावी. ‘मेमरी संपली’ या एकाच तक्रारीखाली चार-पाच निरनिराळे बिघाड दडलेले असतात आणि त्यांतील काही तर हीप वाढवल्याने उलट लवकर उद्भवतात.

म्हणून आधी ‘कॅटलिना डॉट आउट’ या लॉगमध्ये ‘आउटऑफमेमरीएरर’च्या पुढे कोणते शब्द आहेत ते नीट वाचावे. ‘जावा हीप स्पेस’ असेल तर ऑब्जेक्टांची जागा भरली आहे. ‘मेटास्पेस’ असेल तर क्लासची माहिती ठेवण्याचा भाग मर्यादेला भिडला आहे. ‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’ असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमने नवा थ्रेड (प्रोसेसमध्ये समांतर चालणारे काम) नाकारला आहे. लॉगमध्ये काहीच नसेल आणि प्रोसेस नुसती नाहीशी झाली असेल, तर लिनक्सचे संदेश दाखवणारा ‘डीमेसेज’ हा आदेश चालवून, मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या लिनक्सच्या ओओएम किलरने ती मारली का हे पाहावे. कंटेनरमध्ये (स्वतःची मेमरी-मर्यादा असलेल्या वेगळ्या कप्प्यात) १३७ हा एक्झिट कोड बहुधा तेच सुचवतो. हीप वाढवणे सर्वांत महागात पडते ते या शेवटच्या प्रकारात, कारण मेटास्पेस, कंपाइल झालेला कोड, डायरेक्ट बफर आणि दर थ्रेडमागे साधारण १ एमबीचा स्टॅक हे सारे हीपच्या बाहेर राहते. ८ जीबीच्या मशीनवर ७ जीबी हीप दिली, तर या सर्वांसाठी आणि खुद्द लिनक्ससाठी मिळून उरतो जेमतेम १ जीबी.

यानंतर सर्व्हर खरोखर कोणत्या सेटिंगवर चालला आहे ते तपासावे. फाइलमध्ये काय लिहिले आहे यावर विसंबू नये. चालू प्रोसेसलाच ‘जेसीएमडी’ या जावाच्या साधनाने ‘व्हीएम डॉट फ्लॅग्ज’ विचारावे. मुंबईतील गृहनिर्माण संस्थांची देखभाल-बिले काढणारे एक अ‍ॅप्लिकेशन मी सांभाळतो. आम्ही टॉमकॅट ८.५ आणि जावा ८ वरून टॉमकॅट ९ आणि जावा १७ वर गेलो आणि महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात, खजिनदार मंडळी बिले काढायला बसली असताना, सर्व्हर बसला. हीपची मर्यादा ४ जीबी आहे असे सगळेच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ‘मॅक्सहीपसाइझ’पुढे साधारण २ जीबी दिसले. टॉमकॅटच्या मूळ संचात ‘सेटएन्व्ह डॉट एसएच’ ही फाइल नसते, ती आपणच ‘बिन’ फोल्डरमध्ये ठेवलेली असते, आणि आमची फाइल जुन्या फोल्डरमध्येच राहून गेली होती. मर्यादा न सांगितल्यास जावा मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा घेते, म्हणून ८ जीबीचे २ झाले.

जुनी फाइल सापडली तरी ती जशीच्या तशी उचलून ठेवू नये. जावा ८ मध्ये पर्मजेन (क्लासची माहिती ठेवण्याचा जुना भाग) गेले आणि त्याच्या जागी मेटास्पेस आले, ज्याला आपण घातल्याशिवाय मर्यादा नसते. पर्मजेनची मर्यादा सांगणारे जुने ‘मॅक्सपर्मसाइझ’ जावा १६ पर्यंत केवळ इशारा देऊन दुर्लक्षित होत असे. १७ मध्ये ते असेल तर जावा सुरूच होत नाही. कंटेनर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. अपग्रेडच्या निमित्ताने होस्टची ऑपरेटिंग सिस्टिम बदलून सीग्रुपची (लिनक्समध्ये मेमरीची मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेची) दुसरी आवृत्ती आली असेल, तर तिची मर्यादा ओळखण्यासाठी जावा १५ किंवा पुढची, अथवा ११.०.१६ किंवा ८ अपडेट ३७२ लागते. त्याहून जुनी जावा कंटेनरची मर्यादा न पाहता अख्ख्या होस्टचा चौथा हिस्सा आपलाच समजते.

सेटिंग बरोबर असूनही मेमरी वाढताना दिसली, तरी लगेच गळतीचा (वापरून झालेली मेमरी न सुटण्याचा) निष्कर्ष काढू नये. जावा ९ पासून सर्व्हरवर जी-वन हा नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणारा कलेक्टर आपोआप निवडला जातो आणि ‘टॉप’ या आदेशात दिसणारा आकडा बराच काळ वरच राहू शकतो. ‘एक्सलॉग’ने जीसीचा, म्हणजे या सफाईचा, लॉग सुरू करावा आणि प्रत्येक मोठ्या सफाईनंतर किती हीप व्यापलेली उरते तेवढेच पाहावे. भरतीला पाणी कुठवर आले याला महत्त्व नाही, ओहोटीला ते किती मागे हटते हे महत्त्वाचे. ओहोटीची पातळी दिवसागणिक चढत असेल तर मात्र काहीतरी धरून ठेवले जात आहे.

आमची पातळी ४ जीबी दिल्यावरही चढतच होती. अशा वेळी तासाभराच्या अंतराने जेसीएमडीने दोनदा ‘जीसी डॉट क्लास हिस्टोग्राम’ (कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत याची यादी) काढावा आणि कोणत्या क्लासची संख्या वाढली ते ताडून पाहावे. आमच्याकडे ‘स्टँडर्डसेशन’ (टॉमकॅट प्रत्येक भेट देणाऱ्यासाठी ठेवतो ती सेशनची नोंद) २१,००० च्या वर गेले होते आणि त्या वेळी लॉगिन केलेली माणसे शंभरही नव्हती. अपग्रेडबरोबर नवा लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरकडे वळवणारा) आला होता आणि तो सर्व्हर जिवंत आहे का हे पाहण्यासाठी दर ५ सेकंदांनी लॉगिनचे पान मागत होता. ते पान जेएसपीचे, म्हणजे जावाने सर्व्हरवर तयार होणारे, आणि जेएसपी सांगितल्याशिवायही सेशन उघडते. वर ते पान संस्थांची संपूर्ण यादी सेशनमध्ये ठेवत होते. सेशनची मुदत आमच्यापैकीच कोणीतरी कधीकाळी ‘वेब डॉट एक्सएमएल’मध्ये १८०० लिहिली होती, सेकंद समजून. तिथे एकक मिनिटांचे असते! म्हणजे असे प्रत्येक सेशन ३० तास जगत होते आणि दर ५ सेकंदांना एक या हिशेबाने २१,६०० सेशन एकाच वेळी जमत होती. चूक कित्येक वर्षे जुनी, अपग्रेडने ती फक्त उघडी पाडली. आम्ही मुदत ३० केली आणि तपासणीसाठी सेशन न उघडणारे वेगळे पान दिले.

हिस्टोग्रामने भागले नाही तर हीप डंप (हीपची पूर्ण नक्कल) घेऊन एक्लिप्स मॅट या साधनात डॉमिनेटर ट्री (कोण किती मेमरी धरून आहे याची उतरंड) पाहावा. डंप घेताना अ‍ॅप्लिकेशन थांबते, म्हणून तो रात्री घ्यावा, मग शेवटची लोकल चुकली तरी चालेल. डिस्कवर हीपइतकी जागा मोकळी आहे याची आधी खात्री करावी. त्या फाइलमध्ये सदनिकाधारकांची नावे, मोबाइल नंबर आणि थकबाकी उघड वाचता येते, त्यामुळे ती कोणालाही मेलने पाठवू नये.

मेटास्पेस प्रत्येक नव्या डिप्लॉयनंतर (नवी आवृत्ती चढवल्यानंतर) वाढत असेल तर जुना क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) सुटलेला नसतो. न थांबलेले थ्रेड आणि न काढलेले जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारे) यांबद्दल टॉमकॅट स्वतःच लॉगमध्ये नावानिशी इशारा देतो. कारण सापडेपर्यंत डिप्लॉय करताना सर्व्हर पूर्ण बंद करून सुरू करावा. हीप आणि मेटास्पेस दोन्ही स्थिर असूनही प्रोसेस फुगत असेल तर ‘नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग’ (जावाच्या हीपबाहेरच्याही मेमरीची नोंद) चालू करून दोन वेळांमधला फरक पाहावा. त्याने वेग थोडा कमी होतो, म्हणून काम झाल्यावर ते बंद करावे.

शेवटी ‘हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर’ लावून डंपसाठी वेगळ्या डिस्कचा मार्ग द्यावा. ‘सेटएन्व्ह’ आणि ‘कॉन्फ’ हे ‘कॅटलिना बेस’च्या स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवावेत, म्हणजे पुढच्या अपग्रेडमध्ये फक्त ‘कॅटलिना होम’, म्हणजे टॉमकॅटचा मूळ संच, बदलावे लागेल. मेमरीचे पर्याय ‘कॅटलिना ऑप्ट्स’मध्ये लिहावेत, ‘जावा ऑप्ट्स’मध्ये लिहिले तर टॉमकॅट बंद करण्याचा छोटा आदेशही तेवढीच हीप मागतो. बिलांचा पुढचा पहिला आठवडा पार पडेपर्यंत जीसीचा लॉग चालू ठेवावा.