बंद पडलेल्या क्रिप्टो एक्स्चेंजचे पैसे परत मिळताय असा मेसेज आलाय? आधी हे बघून घ्या

"तुमचे अडकलेले ३,८०० युएसडीटी रिलीज झाले आहेत, ४८ तासात क्लेम करा" टाइपचे मेसेज सध्या लई फिरताय भो (युएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो कॉइन). जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, कुठलंही गाव घ्या, २०२१ च्या तेजीत पाच-दहा हजार का होईना कुठल्यातरी ॲपवर टाकलेलं एक तरी पोरगं सापडतंच, आणि सुरतला उधना-लिंबायतकडे राहणाऱ्या आपल्या लोकांचं तर विचारूच नका. नंतर ते एक्स्चेंज बंद पडतं, ॲप उघडत नाय, आपण नाद सोडून देतो, आणि मग एक दिवस कोणीतरी पैसे परत देतो म्हणून मागे लागतं.

असे सगळेच मेसेज खोटे असते तर डिलीट मारून मोकळं झालो असतो. पण खरे पैसेही परत येताय ना. माउंट गॉक्स हे जपानचं एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मधे बुडालं आणि लोकांना कॉइन परत मिळायला सुरुवात झाली जुलै २०२४ ला, म्हणजे दहा वर्षांनी. एफटीएक्स या परदेशी एक्स्चेंजने ११ नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेत दिवाळखोरी टाकली आणि पहिलं वाटप झालं १८ फेब्रुवारी २०२५ ला. आपल्याकडचं वझीरएक्स १८ जुलै २०२४ ला हॅक झालं, तेवीस-एक कोटी डॉलर गेले, मग सिंगापूरच्या हायकोर्टात स्कीम, म्हणजे पैसे कसे परत द्यायचे त्याचा आराखडा, लोकांचं मतदान, कोर्टाने एकदा नाकारली, पुन्हा मतदान, आणि ऑक्टोबर २०२५ मधे परत सुरू झालं. त्यामुळे "हे सगळं फ्रॉडच असतं" म्हणून दुर्लक्ष केलं तर खरी मुदत हातची जाऊ शकते. म्हणून तपासायचं, पण तपासायची पद्धत बहुतेक लोक उलटी करतात.

लोक मेसेजच तपासत बसतात. लोगो बरोबर आहे का, स्पेलिंग चुकलंय का, इंग्रजी चांगलं आहे का. अहो आता इंग्रजी सगळ्यांचंच चांगलं आहे, लोगो तर कोणीही चिकटवतं. मेसेज बाजूला ठेवा, त्यातल्या लिंकला हात लावू नका, त्यातल्या नंबरला फोन करू नका, आणि दुसऱ्या टोकाने चालत या. म्हणजे ज्या कोर्टात किंवा ज्या ऑफिसात केस चालू आहे तिथून सुरुवात करायची आणि तिथून खाली येता येता हा मेसेज भेटतो का ते बघायचं. भेटला तर पुढे बोलू.

ते कसं करायचं? पहिलं म्हणजे तुमचं एक्स्चेंज नेमकं कसं बंद झालं ते शोधा, कारण सगळ्यांची बंद व्हायची कथा वेगळी असते. एप्रिल २०१८ मधे आरबीआयने बँकांना क्रिप्टोवाल्यांची खाती नको म्हणून सांगितलं तेव्हा काही भारतीय एक्स्चेंज रीतसर बंद झाले, कॉइनेक्सने जून २०१९ ला गाशा गुंडाळला, तिथं लोकांना आपापले कॉइन काढून घ्यायला वेळ दिला होता. अशा कंपनीच्या नावाने आज "कोर्टाने फंड रिलीज केला" असा मेसेज आला तर पहिला प्रश्न, कोणतं कोर्ट आणि कसला फंड? दिवाळखोरीत गेलेलं असेल तर मात्र केस नंबर असतो, कोर्टाने नेमलेला माणूस असतो, आणि क्लेम सांभाळणारी एक वेगळी एजन्सी असते. एफटीएक्सचे क्लेम क्रोल नावाची कंपनी बघते, तिच्या साइटवर कोर्टाचे कागद फुकट वाचता येतात. भारतातली कंपनी असेल तर एमसीएच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या मंत्रालयाच्या, साइटवर नाव टाकून बघा, चालू आहे, लिक्विडेशनमधे आहे की रजिस्टरमधून नाव काढलंय ते दिसतं. दिवाळखोरी असेल तर आयबीबीआय या दिवाळखोरी बघणाऱ्या सरकारी बोर्डाच्या साइटवर जाहीर नोटीस असते आणि रिझोल्युशन प्रोफेशनल, म्हणजे दिवाळखोर कंपनीचा कारभार बघायला नेमलेला माणूस, म्हणून जो कोणी सही करतो त्याचं नाव रजिस्टर्ड आहे का तेपण तिथंच कळतं. यात अर्धा तास जातो. कंटाळवाणं आहे, पण एवढं केलं की बहुतेक खोटे मेसेज इथंच गळतात कारण त्यांच्या मागे केसच नसते.

एक अडचण सांगून ठेवतो. खरा ईमेलसुद्धा दिसायला संशयास्पद असतो. वझीरएक्सच्या मतदानाचं काम क्रोलकडेच होतं, आता ज्या माणसाने हे नावच कधी ऐकलं नाय त्याला तो ईमेल फ्रॉडच वाटणार. आणि उलट बाजूने, ऑगस्ट २०२३ मधे क्रोलकडूनच एफटीएक्सच्या क्लेमवाल्यांची माहिती चोरीला गेली, नाव, पत्ता, ईमेल, किती रक्कम अडकली हे सगळं, आणि त्यानंतर लोकांना हुबेहूब दिसणारे खोटे ईमेल यायला लागले. म्हणून समोरच्याला तुमचा बॅलन्स दशांशासकट माहीत आहे हा काही पुरावा नाय. चोरलेल्या यादीतसुद्धा तोच आकडा असतो.

लिंकचा पत्ता वाचायची एक साधी सवय लावा. साइटच्या पत्त्यात सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून पुढे पहिली तिरपी रेघ येते ना, तिथं थांबायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं. डॉट कॉमच्या लगेच आधी जे नाव आहे ती साइट त्याची, त्याच्याही आधी डावीकडे "एफटीएक्स", "क्लेम", "ऑफिशियल", "गव्ह" काहीही लिहिलेलं असू दे, त्याला किंमत नाय. मधे डॅश टाकून जोडलेलं नाव ही तर वेगळीच साइट झाली. आणि टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून दिवाळखोरीचं वाटप करणारं कोर्ट जगात कुठंय?

आता मुद्द्याचं, पैसे कोणत्या दिशेने जाताय ते बघा. खऱ्या वाटपात वकिलाची फी, ट्रस्टीचा खर्च, एजन्सीचा खर्च हे सगळं त्या अडकलेल्या ढिगाऱ्यातूनच आधी कापलं जातं आणि उरलेलं तुम्हाला येतं. तुमच्या खिशातून काही मागत नाय. "प्रोसेसिंग फी ४,९९९", "गॅस फी", "अँटी मनी लाँडरिंग सर्टिफिकेट", "वॉलेट ॲक्टिव्हेशन", नावं रोज नवी असतात. सगळ्यात जास्त लोक फसतात टॅक्सच्या नावाने, कारण क्रिप्टोवर ३० टक्के टॅक्स आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि वर जीएसटी १८ टक्के म्हटलं की एकदम सरकारी वाटतं. तर ऐका, १ टक्का टीडीएस असतो तो देणारा कापून घेतो आणि तुमच्या पॅनवर भरतो, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसतो. ३० टक्क्यांचा टॅक्स नफ्यावर असतो आणि तो तुम्ही स्वतः इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर चलनाने किंवा रिटर्नच्या वेळी भरता. कोणाच्या युपीआयवर किंवा युएसडीटीच्या ॲड्रेसवर टॅक्स भरल्याचं कधी ऐकलंय का? आणि आधी २०-३० डॉलर खरोखर पाठवून मग मोठी फी मागणारेही असताय, तेव्हा "मला तर थोडे आले ना" यावर जाऊ नका.

सीड फ्रेज मागितली, म्हणजे वॉलेटची चावी असलेले ते बारा किंवा चोवीस शब्द, तर विषय तिथंच संपला. का, तेपण समजून घ्या. एक्स्चेंजवर तुमचे कॉइन होते म्हणजे कंपनीच्या वॉलेटमधे होते आणि कंपनीच्या वहीत तुमच्या नावापुढे आकडा होता. त्या खात्याला तुमच्याकडे सीड फ्रेज कधी नव्हतीच. मग परत देताना ती कशाला लागेल? मागणाऱ्याला तुमच्या मोबाईलमधल्या दुसऱ्या वॉलेटवर डोळा आहे. "वॉलेट कनेक्ट करून क्लेम करा" म्हणाला तरी तेच, तिथं एक सही मारली की टोकन उचलायची परवानगी जाते. एनीडेस्कसारखं, समोरच्याला तुमचा मोबाईल लांबून चालवू देणारं ॲप टाकायला लावलं तर फोन ठेवून द्या, अर्ध्या वाक्यात ठेवला तरी चालेल.

कागदांनी दबून जाऊ नका. आरबीआयचं शिक्क्याचं पत्र, सेबीचं एनओसी, ईडीची रिलीज ऑर्डर असलं काय काय पीडीएफमधे येतं. सेबी क्रिप्टो एक्स्चेंजला लायसनच देत नाय, तर एनओसी कुठून देणार. एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या ऑफिसकडे, नोंदणी करावी लागते, पण ती मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली, तुमच्या पैशाची हमी म्हणून नाय. ईडीचं म्हणाल तर बिटकनेक्ट नावाच्या क्रिप्टो घोटाळ्यात फेब्रुवारी २०२५ ला १,६४६ कोटींचं क्रिप्टो जप्त झालं ही बातमी खरी आहे, पण जप्ती वेगळी आणि वाटप वेगळं, वाटपाला कोर्टाचा आदेश लागतो, बातमीचं कात्रण जोडून कोणी "तुमचा हिस्सा" म्हणाला म्हणून तो येत नाय. वकील म्हणून बोलणारा असेल तर सनद नंबर विचारा आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे खात्री करा. तसंही वकिलांना स्वतःहून गिऱ्हाईक शोधत फिरायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे.

आता समजा सगळं तपासलं आणि ऑफर खरी निघाली. तरी ती चांगली असेलच असं नाय. आपल्याकडे पतसंस्था बुडाल्या तेव्हाचं आठवतंय ना, अवसायक बसला, हप्त्या-हप्त्याने पैसे मिळतील म्हणाला, आणि तोवर दारात एजंट, नाना तुमची ठेवपावती द्या, तीस टक्के रोख देतो. क्लेम विकत घेणारे क्रिप्टोतपण आहेत आणि ते कायदेशीर धंदा करतात. एफटीएक्स बुडाल्या बुडाल्या ज्यांनी घाबरून रुपयाचे दहा-पंधरा पैसे घेऊन क्लेम विकले त्यांनी नंतर कपाळाला हात लावला, कारण लहान क्लेमवाल्यांना पुढे डॉलरमधे धरलेल्या रकमेपेक्षा थोडं जास्तच मिळालं. आता "धरलेली रक्कम" हा शब्द नीट बघा, ती धरली दिवाळखोरीच्या दिवसाच्या भावाने, बिटकॉइन तेव्हा १७ हजार डॉलरच्या खाली होता. म्हणून खऱ्या ऑफरमधे कुठंतरी मन खट्टू करणारा भाग असतोच, भाव जुना, रक्कम अर्धवट, बदल्यात भलतंच टोकन, तारीख पुढे ढकललेली. शंभर टक्के कॉइन, आजच्या भावाने, उद्या दुपारपर्यंत, असं कोणी म्हणत असेल तर मला तरी ते पटत नाय.

खऱ्या ठिकाणी केवायसी मागतात, पॅन, पासपोर्ट किंवा तसलं ओळखपत्र, बँकेचा तपशील, अमेरिकेची केस असेल तर टॅक्सचा फॉर्म, हे द्यावं लागतं, त्याला घाबरून बसू नका. फक्त ते पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून, लॉगिन करून तिथंच अपलोड करायचं, चॅटवर आधारचा फोटो पाठवायचा नाय. जुन्या ॲपचे ईमेल, डिपॉझिटचे बँक स्टेटमेंट, ट्रेडची फाइल, जे सापडेल ते एका फोल्डरमधे टाकून ठेवा. डेडलाइन खरी आहे का तेही कोर्टाच्या कागदातच बघा, मेसेजमधल्या उलट्या घड्याळात नाय.

आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, जितकं लवकर तितकी खात्यातली रक्कम गोठवायची शक्यता जास्त. युएसडीटी गेले असतील तर ट्रान्झॅक्शनचा आयडी आणि समोरचा ॲड्रेस कॉपी करून ठेवा, स्क्रीनशॉटवर भागवू नका. मग जिल्ह्याच्या सायबर पोलिस ठाण्यात छापील प्रत घेऊन जा. तक्रार केल्यावर आठ-पंधरा दिवसात "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, थोडं डिपॉझिट भरा" असा फोन येऊ शकतो, तो कट करा आणि तुमच्या तक्रारीचा नंबर घेऊन ठाण्यात जाऊन विचारा की खरंच कोणी फोन केला होता का.