पिंपात मुरलेली काळी बिअर चाखताना

बॅरल-एज्ड इम्पिरियल स्टाउट फ्रीजमधून काढून लगेच ओतली आणि पहिल्याच घोटाला मत बनवलं, तर बाटलीतलं निम्मं कळलंच नाही असं समजा. ही बिअर ग्लासात तासभर बदलत राहते. गार असताना ती फक्त दाट आणि करपट-कडू लागते. ऊब चढते तसं व्हॅनिला, लाकूड, मनुका एकेक करून वर येतं. त्यामुळे इथे जिभेइतकंच काम घड्याळाचं आणि थर्मामीटरचं आहे.

इम्पिरियल स्टाउट ही १८ व्या शतकात लंडनमध्ये बनून रशियाच्या दरबारापर्यंत जाणारी जोरकस काळी बिअर. पिंपात मुरवलेल्या आजच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण १० ते १५ टक्के असतं. पिंप बहुतेक वेळा बर्बन या अमेरिकी व्हिस्कीचं असतं, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. अमेरिकी नियमानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, म्हणून एकदा रिकामं झालेलं पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. सुमारे २०० लिटरचं ते पिंप मग ब्रुअरीकडे, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांकडे, येतं. शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीने १९९० च्या दशकात अशा पिंपात स्टाउट भरली आणि पुढे अनेकांनी तीच वाट धरली. बिअर त्यात सहा महिने ते वर्षभर राहते. लाकडात जिरलेली व्हिस्की तिच्यात उतरते आणि अल्कोहोलचा टक्काही थोडा वाढतो.

किती, कशात, किती गार

आधी मापाचा हिशेब. १३ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या बाटलीत सुमारे ३४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत १३ ग्रॅम. म्हणजे ही एक छोटी बाटली नेहमीच्या अडीच बाटल्यांच्या बरोबरीची आहे. एक बाटली तिघांत वाटा. चाखायला माणशी १०० मिली भरपूर होतात. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही.

बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, म्हणजे यीस्टचा गाळ तळाशी बसेल. फ्रीजमधून काढल्यावर अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या. पहिला घोट १० अंश सेल्सिअसला, मग १३ ला, शेवटचा १६ च्या आसपास. स्वयंपाकघरातला सुईसारखा थर्मामीटर ग्लासात बुडवून पाहिला की अंदाजावर राहावं लागत नाही. १८ च्या वर गेली की अल्कोहोलची झळ बाकी सगळ्यावर मात करते.

ग्लास पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता हवा. ट्युलिप किंवा ब्रँडीचा स्निफ्टर उत्तम. एक तृतीयांशच भरा, वरची रिकामी जागा वासासाठी आहे. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. तो स्वच्छ आहे का हे पाहायला आत साधं पाणी फिरवून ओतून टाका. पाणी सलग पातळ थर धरून उतरलं तर ठीक, थेंबाथेंबांनी तुटलं तर तेलाचा अंश राहिलाय, पुन्हा धुवा.

चाखण्याआधी अर्धा तास कॉफी, पुदिना, तिखट काही नको. मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी आणि बिनमसाल्याचा पाव. पाणी बर्फाचं नको, गार पाण्याने जीभ बधिर होते.

ओतणं आणि पाहणं

ग्लास तिरका धरून भिंतीवरून सावकाश ओता, शेवटी सरळ करून थोडी उंचावरून सोडा. बाटलीत यीस्ट असेल तर तळचा सेंटिमीटरभर भाग राहू द्या. बिअर जाडसर, तेलासारखी सुटते आणि तिच्यावर बोटभरही नाही एवढा तपकिरी फेस येतो. मिनिटभरात तो विरून काठाला एक बारीक कडं उरतं. हा दोष नव्हे. एवढं अल्कोहोल फेस टिकू देत नाही, शिवाय वायूही मुद्दाम कमी ठेवलेला असतो. जिभेवर मात्र बारीक चुरचुर जाणवलीच पाहिजे. ती अजिबात नसेल तर झाकण सैल होतं, किंवा एवढ्या अल्कोहोलमध्ये वायू तयार करणारं बाटलीतलं यीस्ट दमून गेलं.

ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळ उतरतात. त्यावरून अल्कोहोल जास्त आहे एवढंच कळतं, बिअर चांगली आहे हे नाही.

नाकाने

नाक सरळ ग्लासात खुपसलं तर अल्कोहोलने ते बधिर होतं आणि पुढची पाच मिनिटं काहीच कळत नाही. आधी ग्लास नाकाखालून वीतभर अंतरावरून एकदा नेऊन पाहा. मग काठाशी, तोंड किंचित उघडं ठेवून, दोन-तीन छोटे श्वास घ्या. वास बोथट झाला की स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. ग्लास हलकेच फिरवा. जोरात घुसळलात तर आहे तेवढा वायूही निघून जाईल.

आता "काय वास येतोय" यापेक्षा "हा कुठून आला" हे विचारा, कारण या बिअरचं सगळं कोडं त्यातच आहे. कॉफी, कडू चॉकलेट, पावाच्या करपलेल्या कडेचा वास हे काळपट भाजलेल्या बार्लीचं आणि माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं). मनुका, खजूर, सुकं अंजीर हे गडद माल्ट आणि यीस्टने मिळून केलेलं. व्हॅनिला, सुकं खोबरं, लवंग, किंचित धूर हे लाकडाचं: ओकमधल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन मिळतं, खोबऱ्याचा वास ओक लॅक्टोनचा, लवंगेचा युजेनॉलचा, आणि धूर जाळलेल्या आतल्या थरातून. पिंपातल्या आधीच्या दारूचं वेगळं: बर्बन असेल तर कॅरॅमलसारखा गोडवा, राय व्हिस्की असेल तर मसालेदार टोक, रम असेल तर काकवी.

हे वेगळं करायला शिकण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही: त्याच ब्रुअरीची तीच स्टाउट पिंपात न मुरवलेली मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवा. आधी साधी, मग मुरलेली. दुसरीत जे जास्तीचं सापडेल ते बहुतेक पिंपाचं आणि काळाचं. दोन-तीन वेळा असं केलं की खोबरं आणि व्हॅनिला डोळे मिटूनही ओळखू येतात.

जिभेने

पहिला घोट चमचाभर. तो फक्त तोंडाला सवय होण्यासाठी आहे, त्यावरून काही ठरवू नका. दुसरा दोन-तीन चमचे. पाच-सहा सेकंद तोंडात फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. खरी चव या श्वासात सापडते. घोटाची सुरुवात, मध्य आणि गिळल्यानंतरचं असं तीन ठिकाणी लक्ष द्या. सुरुवात बहुधा गोड असते, मध्ये भाजका कडूपणा येतो, शेवटी लाकूड आणि छातीत उतरणारी ऊब. चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा.

कडू आणि तुरट यांत गल्लत होते. कडूपणा ही चव आहे, तुरटपणा हा स्पर्श आहे. जीभ हिरड्यांवरून फिरवा. हिरड्या कोरड्या, खरखरीत लागल्या तर ते लाकडातलं टॅनिन. थोडं असेल तर माल्टचा गोडवा सावरला जातो. नव्या कापलेल्या फळीची चव आली तर बिअर पिंपात गरजेपेक्षा जास्त राहिली.

हे सगळं १३ आणि १६ अंशांना पुन्हा करा. ग्लास तळहातात धरला की ऊब लवकर चढते. प्रत्येक वेळी दोन ओळी लिहा, आणि शेजारच्याशी बोलण्याआधी लिहा. कुणी "चेरी" म्हणालं की सगळ्यांना चेरी लागू लागते. बैठकीत तीनपेक्षा जास्त अशा बिअर घेऊ नका. चौथीपर्यंत जीभ थकलेली असते.

बिघडलेली कशी ओळखायची

भाजलेल्या बार्लीचा हलका आंबटपणा नैसर्गिक आहे, तो कॉफीच्या चवीला धरून असतो. बिघाडाचा आंबटपणा टोकदार असतो, बिअर उबदार होते तसा जास्त जाणवतो, आणि बिअरचा दाटपणाही कमी झालेला असतो. लाकडाच्या छिद्रांतून जंतू पूर्ण काढता येत नाहीत, म्हणून मुरलेल्या बिअरला हा धोका कायमचा. व्हिनेगरचा वास म्हणजे पिंपात हवा शिरली. बाटली उघडताच फेस उसळून बाहेर आला तर आत रानटी यीस्ट किंवा जंतूंनी उरलेली साखर खाल्ली असण्याची शक्यता मोठी. नेलपेंट काढायच्या द्रावणाचा वास इथिल ॲसिटेटचा, फार गरम आंबवणीतून किंवा जंतूंमुळे येणारा. ओल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिजनचा. लोण्याचा वास डायॲसिटिलचा, आंबवण अर्धवट राहिल्याची खूण. सोया सॉस किंवा मांसाच्या रश्श्याची झाक आली तर यीस्ट मरून विरघळलंय, बिअर फार जुनी झाली. शेरीसारखा मंद वास मात्र वयाचा चांगला भाग आहे.

ठेवायची असेल तर बाटली उभी, अंधारात, १० ते १३ अंशांना. दोन बाटल्या घ्या, एक आत्ता आणि एक वर्षाने उघडा. जळजळीत अल्कोहोल वर्षभरात मवाळ होतं. कॉफी घातलेली बिअर मात्र थांबवू नका. कॉफीचा ताजेपणा सगळ्यात आधी जातो आणि त्या जागी हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा वास येऊ लागतो.

शेवटचा घोट संपला की ग्लास लगेच धुऊ नका. अर्ध्या तासाने, काचेवर तपकिरी थर सुकल्यावर, पुन्हा वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि आता पिंप मोकळं बोलतं: लाकूड, व्हॅनिला, जळका गोडवा. वहीतली शेवटची ओळ याची लिहा.