फुकट ऑनलाइन साधन हाती घेताना: आधी खोटी फाइल, मग खरी

पीडीएफचा आकार कमी करायचा असतो, फोटोची पार्श्वभूमी काढायची असते, चार पानं जोडून एक करायची असतात. आपण शोध घेतो, पहिलं दिसेल ते साधन उघडतो आणि त्यात थेट आपली खरी फाइल टाकतो. बँकेचं स्टेटमेंट, तपासणीचा अहवाल, सही केलेला करारनामा, काहीही. वापरून बघायला काय हरकत आहे, असं वाटणं साहजिक आहे. फुकट साधनं मीही रोज वापरते आणि त्यांतली काही विकतच्या साधनांपेक्षा सरस आहेत. फक्त पहिल्यांदा बघताना हातात गमावण्यासारखं काही नसावं, एवढंच. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

१. काम एका वाक्यात लिहा

‘व्हिडिओ एडिटर हवाय’ हे काम नाही. ‘दहा मिनिटांच्या व्हिडिओची सुरुवातीची दोन मिनिटं कापायची आहेत’ हे काम आहे. असं लिहिलं की कितीतरी वेळा लक्षात येतं, हे तर फोनच्या गॅलरीतच होतं.

२. खऱ्या पत्त्यावर पोहोचा

शोधाच्या निकालात वर ‘प्रायोजित’ असं लिहिलेल्या ओळी म्हणजे जाहिराती. तिथे प्रसिद्ध साधनाच्या नावाने बनावट पानंही येतात, हुबेहूब तसाच लोगो लावून. म्हणून जाहिरातीवरून डाउनलोड करायचं नाही. मी विकिपीडियावर त्या साधनाचं पान उघडते आणि उजवीकडच्या चौकटीतला अधिकृत पत्ता घेते. फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या फुकट पानांबद्दल तर मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयाने जाहीर इशारा दिला होता. काही पानं काम खरंच करून देतात, पण परत मिळणाऱ्या फाइलसोबत घातक सॉफ्टवेअरही पाठवतात. म्हणजे ‘काम तर झालं’ हा भरवशाचा पुरावा नाही.

डाउनलोड केलेली फाइल चालवण्याआधी व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकून बघता येते. तिथे अनेक अँटीव्हायरस एकाच वेळी ती तपासतात. मात्र तिथे टाकलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर कंपन्यांनाही दिली जाते. त्यामुळे सॉफ्टवेअर जरूर तपासा, स्वतःची खाजगी कागदपत्रं तिथे टाकू नका.

३. वेगळी खोली करून घ्या

क्रोम, फायरफॉक्स, एज या सगळ्या ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करता येतं. एक ‘चाचणी’ नावाचं करून ठेवा. त्यात पासवर्ड साठवायचे नाहीत, नेहमीची खाती उघडायची नाहीत. ईमेलही वेगळा ठेवा. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द लिहिला तरी पत्र आपल्याकडेच येतं, त्यामुळे पत्ता कोणी पुढे दिला ते कळतं. पण काही पानं ते चिन्ह स्वीकारत नाहीत आणि खरा पत्ता काय ते कोणालाही ओळखता येतं. स्वतंत्र खातं बरं.

ब्राउझरच्या खाजगी (इन्कॉग्निटो) विंडोबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ती फक्त तुमच्या यंत्रावरच्या खुणा पुसते. तुम्ही जी फाइल चढवली, ती समोरच्याकडे गेली ती गेलीच.

४. चाचणीची फाइल बनवा

ही फाइल एकदा मनापासून बनवली की वर्षानुवर्षं पुरते. माझी दोन पानांची आहे. पहिल्या पानावर काल्पनिक नाव, काल्पनिक खाते क्रमांक, एक तक्ता, एक चित्र. दुसऱ्या पानावर मुद्दाम निवडलेले मराठी शब्द: वाङ्मय, दुसऱ्या, कुऱ्हाड, क्षितिज, उत्कृष्ट, स्त्रिया. साधन देवनागरी नीट हाताळतं की नाही, ते इथे लगेच दिसतं. ‘क्षितिज’मधली पहिली वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते, ‘कुऱ्हाड’मधला अर्धा र सुटा पडतो, किंवा पडद्यावर सगळं ठीक दिसतं पण मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की कचरा येतो. इंग्रजी मजकुरावर पंचतारांकित शेरे मिळवलेली साधनं या सहा शब्दांवर अडखळताना मी पाहिली आहेत.

याच फाइलवर आणखी एक चाचणी करा. पीडीएफमध्ये नाव किंवा क्रमांक झाकण्याची सोय बरीच साधनं देतात. काल्पनिक खाते क्रमांकावर काळी पट्टी मारा, फाइल उतरवून घ्या, मग त्या पट्टीवरून माउस ओढून मजकूर निवडा आणि कोऱ्या पानावर चिकटवा. क्रमांक जसाच्या तसा उमटला, तर त्या साधनाने मजकूर काढलेला नाही, त्यावर फक्त काळा चौकोन ठेवला आहे. असं झाकलेलं कागदपत्र तुम्ही कोणाला पाठवलंत, तर क्रमांकही पाठवलात.

५. इंटरनेट बंद करून बघा

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. काही साधनं फाइल त्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या संगणकावर नेतात, काही तुमच्याच ब्राउझरमध्ये काम करतात. दोन्ही दिसायला सारखीच. ओळखायचं असं: खाजगी विंडोत पान उघडा, एक फालतू फाइल टाकून काम एकदा पूर्ण करून घ्या (काही साधनं लागेल तसा एखादा भाग मागाहून उतरवून घेतात, तो येऊ द्या). आता वायफाय बंद करा आणि दुसरी फाइल टाका. काम झालं, तर ते तुमच्याच यंत्रावर झालं. चक्र नुसतं फिरत राहिलं किंवा चूक दाखवली, तर फाइल बहुधा बाहेर जात होती. चित्रांचा आकार कमी करणारं स्क्वूश आणि चित्रं संपादित करणारं फोटोपी ही ब्राउझरमध्येच काम करणारी साधनं आहेत, त्यांच्यावर सराव करून बघा. एखादं कागदपत्र फारच नाजूक असेल, तर काम झाल्यावर आधी विंडो बंद करा, मग वायफाय चालू करा.

फाइल बाहेर जाते म्हणजे साधन वाईट, असं नाही. काही कामांना मोठा सर्व्हर लागतोच. पण कोणती फाइल जाऊ द्यायची, हे मग तुम्ही ठरवता.

६. फुकट कशामुळे आहे?

‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांना इंग्रजीत एकच शब्द आहे, आपल्याकडे सुदैवाने दोन आहेत. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता, वाटता येतो. १९८३ मध्ये अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त संगणकप्रणाली बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तिथून ही चळवळ उभी राहिली. लेखन आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस, व्हिडिओ बघायला व्हीएलसी, चित्रांसाठी गिम्प आणि इंकस्केप ही त्याच वाटेवरची. त्यांच्या निर्मात्यांनी लक्ष काढून घेतलं, तरी दुसरं कोणी पुढे चालवू शकतं. लिबरऑफिस स्वतः २०१० मध्ये ओपनऑफिसपासून असंच वेगळं झालं. फोटोपी फुकट आहे पण मुक्त नाही, त्याचा खर्च जाहिरातींतून निघतो, आणि हे समोर दिसतं. पैसे कुठून येतात हे अजिबात कळत नसेल, तर मी पुढे जात नाही.

विकतच्या साधनाने फुकट चाचणीच्या काळासाठी कार्डाचा क्रमांक मागितला, तर त्याच क्षणी कॅलेंडरवर मुदतीच्या दोन दिवस आधीची आठवण लावा.

७. परवानग्या वाचा

ब्राउझरचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, घेताना ‘सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी दिसली, की थांबा. तिचा अर्थ शब्दशः तोच आहे. शिवाय एक्स्टेंशनचा मालक बदलू शकतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेंशन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. ज्यांनी ते वर्षांपूर्वी विश्वासाने घेतलं होतं, त्यांच्याकडे बदल आपोआप पोहोचला होता.

८. बाहेरचं दार पहिल्याच दिवशी उघडून बघा

एका फुकट टिपणवहीत मी दोन वर्षं लिहीत होते. एके दिवशी मेल आला, महिन्याभरात सेवा बंद होते आहे. ‘सगळं उतरवून घ्या’ हे बटण होतं, मी कधी दाबलेलं नव्हतं. दाबलं तेव्हा सगळ्या टिपणांची सलग एकच फाइल मिळाली आणि मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. इंग्रजी तेवढं वाचलं. बाकीचं मी पडद्यावर बघून, एकेक पान कॉपी करून बाहेर काढलं, जेवढं जमलं तेवढं.

मोठ्या कंपन्याही सेवा बंद करतात. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी वाचायला देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं. म्हणून आता चाचणीतच मी पाच नोंदी करते, त्या बाहेर काढते आणि दुसऱ्याच साधनात उघडून बघते. मजकुरासाठी साधी टेक्स्ट फाइल किंवा ओडीटी, तक्त्यांसाठी सीएसव्ही, म्हणजे अनेक साधनांत उघडणारे फाइलप्रकार, मिळाले तर उत्तम. फक्त त्यांच्याच साधनात उघडेल अशी फाइल मिळत असेल, तर ते साधन नको.

हे सगळं जमलं, की खरं काम सुरू करा, आधी छोटं. नाही जमलं, तर नुसतं टॅब बंद करून उठू नका. सेटिंगमध्ये जाऊन खातं हटवा. गूगल खात्याने आत शिरला असाल, तर गूगलच्या सुरक्षा पानावर इतर अ‍ॅपना दिलेल्या प्रवेशांची यादी असते, तिथून त्याचं नाव काढा. ती यादी उघडलीच आहे तर खालपर्यंत बघा. वर्षांपूर्वी एकदाच वापरलेली नावं तिथे अजून असतील, तीही काढून टाका.