ड्रायसूटची बाही ओली होत होती

ड्रायसूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा, अंगभर झाकणारा सूट. तरी थंड पाण्यात कयाकिंग (छोटी होडी वल्हवणं) झालं की डावी बाही भिजलेली. घाम नव्हे, तो अंगभर दमटपणा आणतो, गळती एकाच जागी भिजवते.

मनगटाच्या सीलमध्ये (पाणी अडवणाऱ्या घट्ट कडेत) बाटल्या आणि गळ्यात चेंडू खोचला, झिप शेवटच्या दातापर्यंत लावली. एका बाटलीचा तळ कापून तिच्यातून हवा फुंकली, बूच लावलं. साबणाचं पाणी फासताच कोपराच्या शिवणीवर बारीक बुडबुडे! खूण केली, सूट वाळवून उलटा केला, स्पिरिटने पुसून पॉलियुरेथेन गोंदाचा पातळ थर भोकाभोवती दोन सेंमीपर्यंत दिला. 24 तास हात लावला नाही.

उतरण्याआधी उकिडवं बसून, गळ्याचं सील बोटाने किंचित उघडून हवा काढतोच. अडकलेली हवा पायांत गेली तर पोहणं अवघड. ऊब मात्र आत घातलेल्या फ्लीसची, म्हणजे मऊ उबदार कपड्यांची. सूट फक्त पाणी अडवतो.