मारिओची लेव्हल बांधायची, तर आधी आलेख कागद घ्या

मी चिपळूणच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. गेली चार वर्षं रोज संध्याकाळी तासभर ‘सुपर मारिओ मेकर २’ हा मारिओच्या लेव्हल, म्हणजे खेळायचे टप्पे, स्वतः बांधायचा गेम घेऊन बसते. बहिणीने दुबईहून येताना निन्टेंडो स्विच हे गेम खेळायचं यंत्र आणलं ते भाच्यासाठी. पण लेव्हल बांधायचा नाद मलाच लागला. शाळेतली मुलं आता विचारतात, “बाई, आम्हालाही बांधायची आहे, सुरुवात कुठून करू?” त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या घरी हा गेम आहे पण नुसता खेळला जातो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नव्वदीत आपल्यातल्या बऱ्याच घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. रविवारी मामेभाऊ जमले की कॅसेट फुंकून आत घालायची आणि आळीपाळीने मारिओ खेळायचा. तोच मारिओ, पण आता रस्ता तुम्ही आखायचा, खड्डे तुम्ही खणायचे आणि जगात कुठेही बसलेल्या माणसाने तो खेळायचा. हा गेम २०१९ च्या जूनमध्ये आला. त्याच्या आधीचा पहिला भाग २०१५ चा. कल्पना मात्र जुनी आहे: १९८३ च्या ‘लोड रनर’ या गेममध्येच खेळणाऱ्याला स्वतःच्या लेव्हल करता येत होत्या.

गेम उघडलात की लगेच ठोकळे टाकायला घेऊ नका. आलेख कागद घ्या, जो दहावीच्या गणिताला लागतो तोच. मूळ मारिओ १९८५ मध्ये निन्टेंडो कंपनीच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी बनवला, तेव्हा त्याच्या लेव्हलही चौकटीच्या कागदावर हाताने काढल्या होत्या. एक चौकट म्हणजे एक ठोकळा. गेममध्ये लेव्हलची लांबी जास्तीत जास्त २४० ठोकळे आणि उंची २७ ठोकळे मिळते. ती सगळी भरायची नाही. माझ्या ज्या लेव्हल लोकांना आवडल्या, त्या शंभर-सव्वाशे ठोकळ्यांत संपतात. पडद्यावर बोटाने ओढून ठोकळे टाकणं इतकं सोपं आहे की हात डोक्याच्या पुढे धावतो. कागदावर रेघ ओढायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात विचार होतो.

दुसरं काम उडी मोजायचं. रिकामी लेव्हल उघडा, एकावर एक ठोकळे रचून भिंत करा आणि तिच्यावर उडी मारून बघा. उभ्याने किती उंच जातो, पळत येऊन किती, पळत येऊन किती रुंद खड्डा ओलांडतो, हे तिन्ही आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मग सोप्या जागी खड्डा त्या आकड्यापेक्षा दोन ठोकळे कमी ठेवायचा, अवघड जागी एक ठोकळा कमी. अगदी काठोकाठ कधीच ठेवायचा नाही. तुम्हाला ती उडी शंभर वेळा मारून सवय झालेली असते, समोरचा ती पहिल्यांदा मारणार असतो.

आता मुख्य गोष्ट. एका लेव्हलमध्ये एकच कल्पना घ्या. गेमच्या पेटीत तोफा, कासवं, भुतं, दोरीवरचे पाळणे, लाव्हा, बर्फ असं सगळं असतं आणि पहिल्या दिवशी सगळंच वापरावंसं वाटतं. माझ्या पहिल्या लेव्हलमध्ये बारा प्रकारचे शत्रू होते. भाच्याने ती तीनदा खेळली आणि म्हणाला, “मावशी, यात काय करायचंय तेच कळत नाही.” त्याचं बरोबर होतं.

मी एक कल्पना घेऊन दाखवते: ऑन-ऑफ स्विच. हा हवेतला ठोकळा असतो. खालून डोकं मारलं की तो पलटतो. लाल असताना लाल रंगाचे ठोकळे भरीव असतात आणि निळ्यांच्या नुसत्या तुटक रेघा दिसतात, पलटला की उलट. एवढंच. पण यावर अख्खी लेव्हल उभी राहते.

सुरुवातीला मी रस्त्यात लाल ठोकळ्यांची उंच भिंत घातली, जी ओलांडताच येणार नाही. स्विच जमिनीच्या वर, खाली तीन ठोकळ्यांची मोकळी जागा सोडून टांगला. जवळपास खड्डा नाही, शत्रू नाही. मारिओ येतो, अडतो, उडी मारतो, भिंत नाहीशी होते. मेलं कोणी नाही आणि खेळणारा स्विच शिकला.

ही लेव्हल मी आधी आईला खेळायला दिली. आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिला बटणं तेवढी माहीत आहेत. पहिल्या आराखड्यात मी स्विच भिंतीपासून बराच मागे ठेवला होता. आई भिंतीपाशी पोचली आणि थांबली. मागे आली, पुढे गेली. एकदा सहज उडी मारताना तिचं डोकं स्विचला लागलं, आवाज झाला, पण पडद्यावर काहीच बदललं नाही, कारण भिंत पडद्याबाहेर होती. आईने तो आवाज विसरूनही टाकला. मग ती परत पुढे गेली आणि म्हणाली, “अगं, इथे भिंत होती ना मघाशी? कुठे गेली?” रस्ता मोकळा झाला होता, पण तो तिने मोकळा केला हे तिला कळलं नव्हतं. मी स्विच उचलून भिंतीच्या चार ठोकळे अलीकडे आणला. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बसवलं. या वेळी डोकं लागलं, भिंत तिच्या डोळ्यांसमोर गेली, आणि आई स्वतःहून पुन्हा स्विचवर डोकं मारून भिंत परत येते का ते बघायला लागली. चार वेळा केलं तिने ते. तेव्हा मला समजलं की कारण आणि परिणाम एकाच पडद्यावर दिसले पाहिजेत. वर्गात रंग मिसळून दाखवताना मी हेच करते. पिवळा आणि निळा एकाच ताटलीत मिसळल्याशिवाय हिरवा पोराच्या डोक्यात बसत नाही.

मूळ मारिओची पहिली लेव्हल या नजरेने पुन्हा खेळून बघा. सुरुवातीलाच एक गुम्बा, म्हणजे छोटा चालता शत्रू, समोरून येतो. त्याला लागलं तर मरतो, म्हणजे उडी मारायची हे कळतं. पुढे मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटून परत आपल्याकडेच येतं. वर विटांचं छत असल्यामुळे घाबरून चुकवणंही अवघड. लागतं आणि मारिओ मोठा होतो. लेव्हलच्या शेवटाकडे समोरासमोर दोन पायऱ्या येतात, मध्ये सपाट जमीन. उडी चुकली तरी काही बिघडत नाही. लगेच पुढे अगदी तशाच पायऱ्या, पण मध्ये खड्डा. आधी सराव, मग परीक्षा, आणि एक अक्षरही लिहिलेलं नाही. आखणाऱ्याने इतका विचार केला होता हे मला चाळिशीत कळलं, आणि लहानपणी ज्याच्यावर उड्या मारल्या त्या रस्त्याबद्दल मनात फार प्रेम दाटून आलं.

माझ्या स्विचच्या लेव्हलची दुसरी पायरी: तीच कल्पना, थोडा धोका. खड्ड्यावर लाल ठोकळ्यांचा पूल. आधी स्विच मारा, पूल भरीव होईल, मग चाला.

तिसऱ्या पायरीला गंमत हवी. जपानीत कथा रचायची एक चार टप्प्यांची जुनी रीत आहे, कि-शो-तेन-केत्सु: ओळख, वाढ, कलाटणी, शेवट. मारिओच्या एका त्रिमितीय गेमचे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी लेव्हल याच रीतीने आखतो असं सांगितलं होतं. माझी कलाटणी अशी: स्विच इतका उंच की खालून मारिओचं डोकं पोचूच शकत नाही. पण त्याच उंचीच्या कट्ट्यावर एक कासव फिरतं आहे. त्याच्यावर उडी मारली की ते कवचात शिरतं, कवचाला लाथ मारली की ते सरळ जाऊन स्विचवर आपटतं. खेळणारा ‘अरे, कवचानेही चालतं!’ म्हणतो, तो क्षण मिळवण्यासाठीच लेव्हल बांधायची.

इथे दोन गोष्टी जपा. कासव लाल घ्या, हिरवं नको. लाल कासव कट्ट्याच्या काठावरून वळतं, हिरवं सरळ खाली पडतं. आणि कासव थेट ठेवण्याऐवजी पाइपमध्ये घाला, म्हणजे एक कवच खड्ड्यात गेलं तरी पाइपातून दुसरं कासव बाहेर येईल. नाहीतर खेळणारा तिथे जिवंत अडकतो. मरतही नाही, पुढेही जाता येत नाही. मेलेला माणूस पुन्हा सुरुवात करतो, अडकलेला माणूस गेम बंद करतो. प्रत्येक जागी स्वतःला विचारा: इथे खेळणाऱ्याने सगळं चुकीचं केलं तर त्याला वाट आहे का?

शेवटचा टप्पा: एक कवच भिंत आणि स्विच यांच्यामध्ये सतत आपटत राहतं, त्यामुळे लाल-निळे ठोकळे ठरावीक तालात पलटत राहतात आणि त्या तालावर पूल ओलांडायचा. ताल किती जलद हे कवचाच्या मार्गाच्या लांबीवर ठरतं. लांबी एका ठोकळ्याने वाढवली तरी फरक हाताला जाणवतो.

नाण्यांकडे लक्ष द्या. नाणं दिसलं की माणूस तिकडे जातोच, म्हणून नाणी ही पाटी समजा. उडीची कमान दाखवायची असेल तर नाणी त्या कमानीत लावा. त्यासाठी एक सोय आहे: लेव्हल खेळून परत बांधणीकडे आलात की मारिओच्या वाटेच्या पुसट सावल्या पडद्यावर राहतात. त्या सावल्यांवर नाणी ठेवत जा. ज्या खड्ड्यात उतरायला नको, त्यावर नाणं चुकूनही ठेवू नका. मी तसं बघते तेव्हा मला राग येतो, त्यात खेळणाऱ्याच्या विश्वासाचा घात आहे. तसंच खड्ड्यावर अदृश्य ठोकळा लपवून उडी मोडणं, पडद्याबाहेरच्या जमिनीवर आंधळी उडी मारायला लावणं. अवघड लेव्हल जरूर करा, पण हरल्यावर आपलं कुठे चुकलं ते खेळणाऱ्याला कळलं पाहिजे.

अवघड जागेनंतर दहा ठोकळे मोकळे ठेवा. मधला झेंडा, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा, कलाटणीच्या अलीकडे लावा, म्हणजे शिकायला पुन्हा पुन्हा सगळी लेव्हल चालावी लागणार नाही.

मग कोणाला तरी शेजारी बसवा आणि तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात कठीण आहे. “उजवीकडे जा ना” असं ओठांवर येतं, ते गिळायचं. मी हातात वही घेते आणि तो कुठे थांबला, कुठे मागे वळला, कुठे हसला एवढंच लिहिते. लेव्हल इंटरनेटवर गेल्यावर तुम्ही कोणाच्याच शेजारी नसता, तेव्हा घरातच ती सवय झालेली बरी.

जगासमोर ठेवताना गेमची एक अट आहे, आणि ती मला फार योग्य वाटते: बांधणाऱ्याने स्वतः ती लेव्हल सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार करून दाखवायची. त्याशिवाय ती पाठवता येत नाही. पाठवायला निन्टेंडोची ऑनलाइन वर्गणी लागते. घरच्या घरी बांधायला आणि खेळायला लागत नाही. पाठवल्यावर नऊ अक्षर-अंकांचा कोड मिळतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की ज्याच्याकडे हा गेम आणि ती वर्गणी आहे असा कोणीही लेव्हल उघडू शकतो.

निन्टेंडो स्विच घरी नसेल तरी अडायचं कारण नाही. फोनवर २०१३ पासून ‘जॉमेट्री डॅश’ हा गेम आहे, आता संगणकावरही. त्याच्या पूर्ण आवृत्तीत लेव्हल करता येतात, आणि तिथेही आपली लेव्हल आधी आपण पार करावी लागते. तो तालावर चालतो, तेव्हा गाण्याचा कान असलेल्या मुलांना तो द्या. शाळेच्या संगणकांवर मी ‘सुपरटक्स’ टाकला आहे. तो मोफत आहे, पेंग्विनचा, मारिओसारखाच, आणि लेव्हल बांधायची सोय आतच आहे. आलेख कागद दोन्हीकडे तितकाच कामाचा.

पाठवलेल्या लेव्हलवर आठवड्याने परत जा. किती जण खेळले, किती जणांनी पार केली हे दिसतं, आणि कोण कुठे मेलं त्या जागी फुल्या दिसतात. माझ्या स्विचच्या लेव्हलमध्ये शेवटच्या पुलाच्या पहिल्याच ठोकळ्यावर फुल्यांचा ढीग होता. पुढे मोजक्याच. म्हणजे पूल अवघड नव्हता, लोक त्यावर पाऊल ठेवण्याआधी ताल बघायला थांबत नव्हते, कारण थांबायला जागाच नव्हती: मी अलीकडे उतरती जमीन ठेवली होती. पाठवलेली लेव्हल बदलता येत नाही, काढून नव्याने पाठवावी लागते आणि मिळालेली वाहवाही तिच्याबरोबर जाते. मी काढली. उतार सपाट केला, तिथे एका ओळीत तीन नाणी ठेवली आणि पुन्हा पाठवली. नवा कोड भाच्याला टाकला तर त्याने उलट आपलाच कोड धाडला. त्याची लेव्हल आज रात्री आई खेळणार आहे, वही मी टेबलावर काढून ठेवली आहे.