आलिशान फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतून जड माल कसा न्यावा

खरिपाच्या तोंडावर खताच्या पिशव्या, ठिबकची बंडले किंवा विहिरीवरची मोटर तालुक्याच्या गावाहून शेतापर्यंत न्यायची असते, आणि पहिल्या पावसानंतर पांदण रस्त्यावर साधा पिकअप रुतून बसतो. अशा वेळी घरची फॉर्च्युनर किंवा डिफेंडर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी (फोर-व्हील-ड्राइव्ह) गाडी, कामास लावणे योग्यच आहे. मात्र या गाड्यांचा एक स्वभाव आधी ओळखावा, तो म्हणजे त्या चालकाला ओझे जाणवू देत नाहीत. कमानपाट्यांच्या गाडीची मागची बाजू दबली की ते लगेच दिसते, परंतु एअर सस्पेंशन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली रचना) असलेली गाडी स्वतःची उंची आपोआप सावरून घेते, इंजिन चढावरही दमत नाही आणि आत बसलेल्यांना सारे ठीक वाटत राहते. उंची सावरली तरी टायर, ब्रेक आणि ॲक्सल यांच्यावरील भार मात्र तसूभरही कमी झालेला नसतो.

म्हणून सर्वप्रथम हिशोब करावा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत मालासह कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक हीच खरी क्षमता होय. समजा, कमाल वजन २,७५० किलो आणि रिकामे वजन २,१५० किलो आहे, तर ६०० किलो उरतात. त्यातून चालकासह चार माणसांचे २८० किलो वजा केले की ३२० किलो राहतात, म्हणजे डीएपीच्या ५० किलोच्या सहा पिशव्या किंवा युरियाच्या ४५ किलोच्या सात. एवढ्या मोठ्या गाडीत एवढेच, असे कोणालाही वाटेल. पण हा आकडा तसाच मानावा, आणि अधिक माल असेल तर माणसे कमी करावीत किंवा दुसरी खेप करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेऊन दुसऱ्याचा माल नेऊ नये.

हिशोबाची खात्री जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर होते. आधी संपूर्ण गाडी तोलावी, नंतर फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या ॲक्सलचा भार पाहावा, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागची बाजू मर्यादा ओलांडलेली असू शकते.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळील पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या दाबाइतकी भरावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये, कारण कमी हवेचा टायर ओझ्याखाली अधिक तापतो आणि तो फुटण्याचा धोका वाढतो. टायर बदललेले असतील तर त्यांच्यावरील भारांक तपासावा. ११२ म्हणजे प्रत्येक टायरला १,१२० किलो.

माल भरताना तिसऱ्या रांगेच्या जागा दुमडून खाली ताडपत्री अंथरावी. सर्वांत जड वस्तू मधल्या आसनाच्या पाठीला अगदी टेकवून, तळाशी ठेवावी आणि तळातील कड्यांना रॅचेट पट्ट्याने आवळावी. आसनाच्या पाठीपेक्षा उंच थर लावू नये, कारण जोराचा ब्रेक लागताच वरची पिशवी थेट माणसांवर येते. खत सांडले तर लगेच झाडून घ्यावे, ते ओलावा धरते आणि गाडीतील धातू व वायरिंगचे जोड गंजवते. कीटकनाशके माणसांसोबत बंद, वातानुकूलित गाडीतून कधीही नेऊ नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या विषाशी सलगी नको. छतावर फक्त हलके पाइप ठेवावेत, आणि छताच्या मर्यादेत कॅरिअरचे वजनही धरावे.

डांबरी रस्त्यावर वेग कमी ठेवावा. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग घेतला तर ब्रेकला पावणेदोन पटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. ज्या गाडीत फोर-व्हील-ड्राइव्ह गरजेपुरतीच जोडायची असते, तिच्यात ती कोरड्या डांबरावर लावू नये; वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि त्याचा ताण गिअरपेटीवर येतो. परतवाडा–चिखलदरा घाटासारख्या उतारावर खालचा गिअर धरून इंजिनानेच गाडी रोखावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

पांदणीच्या तोंडाशी गाडी पूर्ण थांबवून, गिअर न्यूट्रलला घेऊन फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) लावावा. काळी माती टायरच्या खाचांत भरली की पकड जाते, म्हणून ॲक्सिलरेटर हलका आणि एकसारखा दाबावा. चाके जागीच फिरू लागल्यास ताबडतोब थांबावे, थोडे मागे यावे, आणि तरीही जमले नाही तर माल उतरवून गाडी काढावी; भरलेली गाडी रेटत राहिल्यास ती तळापर्यंत रुतते. नाल्याला वाहते पाणी असेल तर ते ओसरेपर्यंत थांबावे.

माल उतरल्यावर फोर-लो काढावा, चाकांच्या आतील आणि गाडीच्या तळाची माती वाळण्याआधी धुवावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरची हवा पुन्हा रिकाम्या गाडीच्या दाबावर आणावी.